सभा, जलसा आणि आपला विहार
(सोयगाव येथे समाजबांधवांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'प्रबोधनाचे कार्यक्रम : काल आणि आज' हा विषय दिला आहे. मी काही मोठा वक्ता नाही. जे वाचले, जे पाहिले आणि जिथे माझे स्वतःचे चुकले, तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहे.

सुरुवात भगवान बुद्धांपासून करू. मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींवर चढाई करावयाची होती. त्याने आपला मंत्री वस्सकार याला भगवंतांकडे पाठविले. भगवंतांनी आनंदाला विचारलेला पहिला प्रश्न काय होता? वज्जींकडे सैन्य किती, घोडे किती, असे त्यांनी विचारले नाही. वज्जी लोक वारंवार सभा भरवितात का, एकत्र जमतात का, एकत्र उठतात का, हे त्यांनी विचारले. जोवर ते जमत राहतील, तोवर त्यांची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही, असे त्यांनी सांगितले. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याच परंपरेची आठवण दिली होती. ठराव कसा मांडावा, गणपूर्ती किती असावी, मते कशी मोजावीत, याचे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते, हे त्यांनी देशाला सांगितले. तेव्हा सभा ही आपल्यासाठी बाहेरून आलेली गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट कलेची. आपल्या तालुक्यातील फर्दापूरपासून अजिंठ्याची लेणी जवळच आहेत. तिथल्या सतराव्या लेण्यात वेस्संतराची जातककथा भिंतीवर रंगविली आहे. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही ती कथा कळते. कलेचे हे सामर्थ्य आपल्या चळवळीने पुरेपूर ओळखले होते.

महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्यातून सत्यशोधकी जलसे निघाले आणि त्याच वाटेने आंबेडकरी जलसे आले. 'मूकनायक' १९२० साली निघाला, 'बहिष्कृत भारत' १९२७ साली. पण वाचता येणारे किती होते? वस्तीत एखादाच वाचणारा, बाकी सारे ऐकणारे. तिथे जलसा पोहोचला. ढोलकी, तुणतुणे, पेटी आणि गॅसबत्तीचा उजेड, एवढ्या सामानावर रात्र उभी राहायची. तमाशाचाच साचा घेतला, पण त्यातील आशय बदलला. देवाच्या नमनाऐवजी बाबासाहेबांना वंदन आले. गौळण गेली आणि सवाल-जवाबात चवदार तळे आले, काळाराम मंदिर आले, मुलांचे शिक्षण आले, मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याची गोष्ट आली. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी हे काम आयुष्यभर केले. वामनदादा कर्डक तर सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. वय वाढल्यावर अक्षर शिकलेला हा माणूस २००४ साली निधन होईपर्यंत गावोगाव गात राहिला.

आपल्या जिल्ह्याचाही यात वाटा आहे. शेजारच्या कन्नड तालुक्यात मक्रणपूर येथे ३० डिसेंबर १९३८ रोजी परिषद भरली. बी. एस. मोरे यांनी तिच्यासाठी कष्ट घेतले आणि स्वतः बाबासाहेब तिला आले. निजामी राजवटीत, गाडीवाटेने, भाकरी बांधून लोक जमले. पुढे १९५० साली औरंगाबादला बाबासाहेबांचे महाविद्यालय सुरू झाले, तेच मिलिंद महाविद्यालय. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक याच परिसरातून उभे राहिले. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने लेखक-वाचक मेळावे भरविले. लिहिणारा आणि वाचणारा एकाच मांडवात बसून वाद घालू लागला. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारामागेही अशाच असंख्य सभांची, मोर्चांची आणि गाण्यांची शक्ती होती.

मित्रहो, आता आजचे बोलू. कार्यक्रम आजही होतात. जयंतीला वर्गणी जमते, मिरवणूक निघते, डीजेच्या भिंती उभ्या राहतात. आनंद जरूर करावा, त्याला माझा विरोध नाही. पण दुसऱ्या दिवशी मागे काय उरते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. जलशातून माणूस घरी जायचा तो एक विचार घेऊन. डीजेतून कान बधिर करून जातो.

माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावी ग्रामसभा होती. मी उशिरा गेलो, हजेरी-वहीत सही केली आणि चहा पिऊन परतलो. पुढे कळले की त्याच सभेत वस्तीच्या रस्त्याचा विषय मागे पडला आणि दुसरेच काम मंजूर झाले. मी चिडून विचारायला गेलो, तर माझीच सही मला दाखविण्यात आली. दोष कोणाला द्यायचा? सभेत मी बसलोच नव्हतो.

कायदा काय सांगतो ते विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. लोक आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे आपण घरी बसलो की मूठभर माणसे आपल्या वतीने निर्णय घेतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावयाची असते. किती भगिनींना तिचे निमंत्रण मिळते? ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावयाचे असतात. तो खर्च कशावर झाला, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? सोयगावला नगरपंचायत आहे. इथे ग्रामसभा नाही, म्हणून इथल्या रहिवाशांनी तर स्वतःच जमून आपल्या नगरसेवकाला बोलाविले पाहिजे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. दर पौर्णिमेला आपण विहारात वंदनेसाठी जमतोच. वंदनेनंतर एक तास आणखी बसावे. पहिला अर्धा तास गावच्या कारभाराचा. मागच्या सभेचे इतिवृत्त एखाद्या विद्यार्थ्याने वाचावे आणि पुढच्या सभेत कोणता प्रश्न कोण विचारणार, हे तिथेच ठरवावे. शक्यतो तो प्रश्न एखाद्या भगिनीने विचारावा. दुसरा अर्धा तास गाण्याचा, कवितेचा, छोट्या नाटिकेचा. आपल्या वस्तीत अजूनही ढोलकी वाजविणारे म्हातारे हात आहेत. ते हात थकण्यापूर्वी पोरांनी त्यांच्यापाशी बसावे. त्यांची गाणी वहीत उतरवून घ्यावीत. नळाच्या पाण्यावर, घरकुलाच्या यादीवर नवा सवाल-जवाब रचावा. कोणी निवडणुकीसाठी विहाराचे व्यासपीठ मागितले, तर सर्व पक्षांच्या उमेदवारांना एकाच दिवशी बोलवावे आणि प्रश्न आपण विचारावेत.

यासाठी मोठी वर्गणी लागत नाही. सतरंजी लागते, एक वही लागते आणि वेळेवर येणारी माणसे लागतात. सुरुवातीला दहाच माणसे येतील. येऊ द्या. जलसेही थोड्याच माणसांनी सुरू केले होते.

येत्या पौर्णिमेला मी वही घेऊन येतो. त्या वहीत सही करून परत जाऊ नका, बसा. एवढेच सांगतो आणि माझे दोन शब्द संपवितो.

जय भीम! नमो बुद्धाय!