दीर्घ दुखणे आणि दारी येणारी परिचारिका



आमचा जन्म हजेरीपट, मजुरी आणि बोनस यांची भांडणे करण्यात गेला. अशा माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन रुग्णशुश्रूषेवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या बाया ही शुश्रूषा करतात त्या आमच्या सभासद आहेत, आणि त्यांच्या मजुरीचा हिशेब करता करताच हा विषय आम्ही शिकलो.

पटकी, हगवण ही पाहुणी दुखणी. आठपंधरा दिवसांत जातात, नाहीतर माणसाला घेऊन जातात. मधुमेह, रक्तदाब, दमा ही घरात बिऱ्हाड करतात. असा रोगी महिन्यातून एकदा दवाखान्यात गेला, तरी वर्षातले ३५३ दिवस तो घरीच असतो. त्या दिवसांत डॉक्टर नसतो, गोळ्यांची पट्टी फळीवर असते आणि घरची माणसे कामावर गेलेली असतात.

विडी वळणारी एखादी आजी घ्या. बरे वाटू लागले की ती रक्तदाबाची गोळी बंद करते. तिच्या हिशेबाने हे शहाणपणच आहे. ताप उतरल्यावर तापाची गोळी कोण घेतो? दारी आलेली आरोग्यसेविका "गोळी घेता ना?" असे विचारीत बसत नाही. ती पट्टी मागते आणि न फोडलेल्या गोळ्या मोजते. एकादशीच्या आदल्या दिवशी ती मधुमेह्याच्या घरी वाकडी वाट करून जाते. साखर उतरवणारी गोळी घेऊन माणूस उपाशी राहिला, तर त्याला दरदरून घाम फुटतो, हातपाय कापतात, आणि घरचे समजतात की उपास बाधला. शुद्धीवर असेल तर आधी साखर खायला द्या, मग दवाखान्याचे बघा, हे ती सुनेला सांगून ठेवते.

हे काम कोणी करावे, याचा धडा आपल्याच जिल्ह्याने घालून दिला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. आरंभी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. परक्या गावात एकटी राहणारी तरुण मुलगी. तिला रात्रीचे भय, आणि गावाला तिचा भरवसा नाही. मग गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी, जामखेडला तिला शिकवावे, आणि परिचारिकेने फिरत्या पथकाबरोबर येऊन तिच्या पाठीशी उभे राहावे, असे ठरले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती. (आम्हीही शाळा अर्ध्यावर सोडलेले, हे सांगताना आम्हांला जरा जास्त आनंद होतो, तो आपण सहन करावा.) या बाया कुष्ठरोग्याच्या चट्ट्यावर स्पर्श कळतो की नाही हे तपासू लागल्या. पाय बधिर झाला की रुतलेला काटा कळत नाही, चटका कळत नाही, आणि जखम चिघळेपर्यंत माणूस चालत राहतो. म्हणून पाय भिजवा, तेल लावा, तळवे रोज पाहा, हे त्यांनी घरोघर शिकवले. आज मधुमेह्याचा पाय तसाच बधिर होतो. रोग निराळा, रोज तळवा उलटून पाहण्याचे काम तेच.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी, जामखेड, शेवगावकडचे कोयते मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडेपर्यंत कोपीत राहतात. रोग्याची नोंद गावात, रोगी फडात. महिन्याच्या गोळ्या महिन्यात संपतात, आणि नव्या आणायला दवाखान्यात गेले तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात.

आता मजुरीकडे येतो. १८५९ साली लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने, आपल्या पत्नीच्या अखेरच्या दुखण्यात जिने शुश्रूषा केली त्या मेरी रॉबिन्सनला, गरिबांच्या घरी जाण्यासाठी पगारावर ठेवले. पगारावर, हा शब्द ध्यानात असू द्यावा. आपल्याकडे आशाताई सरकारी भाषेत स्वयंसेविका. तिशीपुढच्या माणसाचा तपासणी फॉर्म भरला की १० रुपये, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या रोग्याचा पाठपुरावा केला की सहा महिन्यांचे ५० रुपये, असा दर केंद्राने लावून दिला. आम्ही भागाकार केला. एका रोग्यामागे दिवसाला सत्तावीस पैसे! क्षयरोग्याचा उपचार पुरा करून घेतला तर हजार रुपये ठेवले, कारण क्षयाचा उपचार संपतो. मधुमेहाला 'पुरे झाले' असा शिक्का मारण्याजोगा दिवसच येत नाही. नगावर मजुरी देण्याची रीत विडीला लावतात, आणि तिथेही आम्हांला ती पसंत नाही. पण निदान हजार विड्या मोजता तरी येतात. न झालेला अर्धांगवायू कसा मोजणार?

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले, आणि मार्च २०२४ मध्ये राज्याच्या मानधनात पाच हजारांची वाढ पदरात पडली. मानधन हा शब्द मात्र तसाच राहिला.

पाथर्डी तालुक्यातील आमच्या एका ताईचे रोगी दरवर्षी कोयत्याबरोबर जातात. ती दर आठवड्याला त्यांना फोन लावते, रोग्याच्या बायकोकडून गोळ्या मोजून घेते, कारखान्याजवळचे आरोग्य केंद्र कोणते ते विचारून सांगते. फोनचे पैसे तिचे. एका आढावा बैठकीत तिने विचारले, हा पाठपुरावा धरणार का? उत्तर मिळाले, रकाना घरभेटीचा आहे, आणि रोगी घरी नव्हता. ती आमच्याकडे आली. आम्ही अर्ज लिहिला, तो पोहोचला, त्याची पोच आमच्याजवळ आहे. या हंगामात तिचे अकरा रोगी बाहेर होते. आता कोयते परतू लागले आहेत, आणि या आठवड्यात ती रक्तदाबाचे यंत्र घेऊन वस्तीवर जाणार आहे.