बारा व्होल्टची बॅटरी आणि वितळतार

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें. आमच्या गांवांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, आणि पुढें कित्येक दिवस घरांत दिवा लागला नाहीं. अंधाराचें मला भय नव्हतें. बालपण कंदिलाच्या उजेडांतच गेलें. अडचण निराळीच होती. मोबाइल निर्जीव झाला, आणि पुण्यास असलेल्या मुलीला आम्ही उभयतां सुखरूप आहों, एवढें कळविण्याचाहि मार्ग उरला नाहीं.

पडवींत मोटारसायकल उभी होती. तिच्या बॅटरींत १२ व्होल्ट, आणि मोबाइलला चार्ज होण्यास लागतात ५. मी मुलांना सांगत असें कीं, व्होल्ट म्हणजे टाकीची उंची आणि अँपिअर म्हणजे तोटींतून वाहणारी धार. उंच टाकीचें पाणी नाजूक नळींत एकदम सोडूं नये. सुदैवानें मोटारींत वापरावयाचा एक चार्जर घरांत पडून होता. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणें हेंच त्याचें काम. त्याच्या टोंकाची खुंटी धन, बाजूच्या पत्र्या ऋण. दोन तारा जोडल्या कीं काम झालें, असें मला वाटलें.

येथें माझें शहाणपण संपलें. मीं तारा आधीं बॅटरीला जोडल्या आणि मोकळीं टोंकें चार्जरकडे नेऊं लागलों. तीं एकमेकांना चिकटलीं. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तारेचें आवरण वितळलें आणि माझीं दोन बोटें भाजलीं. १२ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाहीं, म्हणून आपण अशा बॅटरीला निरुपद्रवी समजतों. परंतु जी इंजिन फिरविते, ती क्षणांत पन्नासांहून अधिक अँपिअर देऊं शकते. झटका बसला नाहीं, तरी आग लागते. हा धडा मीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतला होता. स्वतः मात्र तो बोटांनीं शिकलों.

मग कागदावर हिशेब मांडला. ५ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे १० वॅट. तेवढ्यासाठीं १२ व्होल्टच्या बाजूस सुमारें १ अँपिअर पुरतो. तेव्हां २ अँपिअरची वितळतार, म्हणजे फ्यूज, योग्य. शेजारच्या बंद पडलेल्या ॲम्प्लिफायरमधून ती मिळाली. ती बॅटरीच्या धन टोंकालगतच बसवावी. दूर बसविल्यास मधल्या तारेला राखणदार उरत नाहीं. सर्व जोडणी आधीं करावी, बॅटरी शेवटीं जोडावी.

बॅटरी ५ अँपिअर-तासांची, म्हणजे एकूण ६० वॅट-तास. तिच्यांतील निम्म्याहून अधिक वीज काढूं नये. म्हणून मोबाइल एकदांच भरून मी थांबलों. कारण रेंजसाठीं टेकडीवर जाण्यास तीच मोटारसायकल लागणार होती.

जुन्या लॅपटॉपमधील लिथियमचे घट काढून दिवे करणाऱ्या तरुणांना याहून अधिक सावध राहावें लागेल. असा घट ४.२ व्होल्टच्या पुढें भरूं नये, आणि संरक्षक पट्टीवांचून तर भरूंच नये.

टेकडीवरून फोन लागला. मुलीनें पहिला प्रश्न केला, “बाबा, आई कशी आहे?” भाजलेल्या बोटांविषयीं मीं तिला कांहीं सांगितलें नाहीं. आपणांस मात्र सांगितलें. कारण संकटांत युक्ति सुचते, पण वितळतार आधींच घरांत असावी लागते.