सातबाऱ्यावरचा कोरा रकाना



१९४७ च्या कायद्यानं एकत्रीकरण आलं, रानाला गट नंबर मिळाला. नंबरावरून सारा वसूल होतो, जमीन कळत नाही. 'चोपण' म्हटलं की खारवट रान कळतं. 'पेवाचं रान' म्हटलं की जोंधळ्याची पेवं आठवतात. १९५८ च्या कायद्यानं महार वतनं गेली, तरी शिवारात 'महारकी' हे नाव टिकलं. गावाची चाकरी कुणी केली, याची ती साक्ष आहे. माण नदीवरून माणदेश झाला, तोही लोकांच्या तोंडूनच.

सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आहे. पुष्कळांचा कोराच. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या, लिहून ठेवा, तलाठ्याकडं नोंद मागा. नंबर सरकारचा, नाव आपलं.