सरकारी बांधकाम आणि देशी माल

(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त ग्रामस्थ व देणगीदार यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिली बैठक पैशाची होते आणि दुसरी मालाची. दगड कुठला, फरशी कुठली, सळई कोणत्या कारखान्याची, यावर पारावर रात्र रात्र वाद चालतो. एक म्हणतो, इथल्या काळ्या दगडाला काय झाले? दुसरा म्हणतो, राजस्थानचा संगमरवर लावा, देणगी देणाऱ्यालाही बरे वाटेल. हा वाद मावळाला नवा नाही. कार्ल्याच्या लेण्यात दूरदूरच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत; त्यांत थेट वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठीही आहे. दान बाहेरून आले, दगड मात्र जागेवरचाच.

सरकारपुढेही हाच वाद असतो, फक्त आकडे मोठे. पूल, धरणे, बोगदे, रेल्वे ही कामे जनतेच्या करातून होतात. मग त्यांत देशात तयार झालेलाच माल वापरावा अशी सक्ती सरकारने करावी काय? प्रश्न दिल्लीचा वाटतो खरा, पण त्याची बरीचशी उत्तरे याच मुलखात पडलेली आहेत.

बोरघाटाची रेल्वे घ्या. काम १८५६ साली सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. पंचवीस बोगदे खोदले गेले. दगड सह्याद्रीचा, राबणारे हात इथले आणि देशावरचे. पटकीच्या साथीत त्यांतली किती माणसे गेली याची नीट नोंदही कोणी ठेवली नाही. रूळ आणि इंजिने मात्र जहाजाने विलायतेहून आली. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती आणि तिचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर होता. म्हणजे पैसा रयतेचा, घाम रयतेचा आणि भरभराट परक्या कारखान्याची! खरेदी करणारे संचालक लंडनला बसत; त्यांना विलायती माल घ्या असे वेगळे सांगण्याची गरजच नव्हती. सक्ती कायद्यात लिहिलेली नसली तरी ती असते, ती अशी.

आता दगड देशी होता म्हणून सगळे पक्के झाले, असेही नाही. याच घाटातील एक मोठा दगडी पूल १८६७ साली, बांधून फार वर्षे झाली नसताना, कोसळला. हे पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

रूळ देशात तयार व्हायला अर्धे शतक लागले. टाटांची पोलाद कंपनी १९०७ साली स्थापन झाली आणि साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, १९१२ साली पहिले पोलाद निघाले. कारखाना उभा राहण्याआधीच सरकारने एक कबुली दिली होती : दरवर्षी वीस हजार टन रूळ, दहा वर्षेपर्यंत, सरकार घेईल. अटी दोन. माल कसोटीला उतरला पाहिजे आणि किंमत बाहेरून येणाऱ्या मालाच्या बरोबरीची असली पाहिजे. हा करार बारकाईने पाहण्याजोगा आहे. सरकारने परदेशी माल बंद केला नाही, देणगी दिली नाही, नुसते ‘गिऱ्हाईक ठरलेले आहे’ एवढे सांगितले. नवा कारखाना काढणाऱ्याला याहून मोठा आधार कोणता? गावात नवी पिठाची गिरणी घालणाऱ्याला विचारा.

पहिल्या महायुद्धानंतर परदेशी पोलादाचे भाव गडगडले आणि हाच कारखाना बुडायला आला. दोराबजी टाटांनी घरचे जडजवाहीर गहाण टाकून पैसा उभा केला. १९२४ साली संरक्षणाचा कायदा झाला, आयात पोलादावर जकात वाढली. त्याचा भार कोणावर पडला? लोखंड ज्याला लागते त्याच्यावर. पत्रे, पहारी, बैलगाडीच्या चाकाची धाव विकत घेणाऱ्या शेतकऱ्यावर. मात्र ते संरक्षण कायमचे आंदण दिले नव्हते. टॅरिफ बोर्ड मधूनमधून तपासणी करी. कलकत्त्याचा हावडा पूल १९४३ साली खुला झाला, तेव्हा त्यातील सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलादापैकी तेवीस हजार टन टाटांचे होते. देशी माल कसोटीला उतरला तो असा.

सरकारी हुकमाविना स्वदेशी माल उभा राहतो काय, याचेही उत्तर मावळातच आहे. माणशी एक पैसा, अशा वर्गणीतून अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड जमवला. लोकमान्यांनी त्यास पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. तिथे नुसती काच झाली नाही, काच करणारी माणसेही तयार झाली. देणगीदार मंडळींना हे वेगळे सांगायला नको : पैशाचे मोल तो कोणाच्या हाताला काम शिकवतो यावरही असते. पण सरकार गिऱ्हाईक नसेल तर असा कारखाना लोकांच्या प्रेमावर किती काळ तगणार, हेही तितकेच खरे.

दुसरी बाजू पुणे जिल्ह्याने फार मोठ्या किमतीला शिकली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याचा जो नळ होता, त्याच्या बांधकामात सळया घातलेल्या काँक्रीटऐवजी साधे ठोकळे वापरलेले होते. त्या काळी देशात पोलादाची टंचाई होती आणि परकीय चलनाची त्याहून अधिक. पुढे पुण्यात काय झाले हे सांगायला नको. देशात माल पुरेसा नसताना ‘बाहेरचा नको’ म्हणून बसणे किती महाग पडते, याचा विचार इथून सुरू झाला पाहिजे.

सिमेंटचेही तसेच. जुन्या मंडळींना परवान्यावर मिळणारी पोती आठवत असतील. एका घराच्या जोत्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागत, आणि ओळख असेल त्याचेच घर आधी बांधून होई. १९८२ साली नियंत्रण अंशतः उठले, १९८९ साली पूर्ण उठले आणि देशातले कारखाने वाढले. आज सिमेंट आणि पोलाद या दोन्हींत भारत जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे. गावाजवळून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला तो सिमेंट काँक्रीटचाच. डांबर ज्या खनिज तेलातून निघते ते बहुतांशी बाहेरून येते. सिमेंटचा चुनखडक मात्र इथलाच.

सध्या केंद्र सरकारचा नियम आहेच. जून २०१७ मध्ये देशी मालास प्राधान्य देणारा आदेश निघाला. पोलादासाठी त्याच वर्षी वेगळे धोरण आले. २०२० च्या दुरुस्तीप्रमाणे ज्याच्या मालात निम्मे किंवा अधिक मूल्य देशात घातले गेले तो पहिल्या वर्गाचा पुरवठादार. दोनशे कोटींपर्यंतच्या खरेदीला सर्वसाधारणपणे जागतिक निविदा नाही. अमेरिकेसारख्या व्यापारी देशातही असा कायदा १९३३ पासून आहे आणि २०२१ साली तो अधिक कडक झाला. पण त्यात एक शहाणी फट ठेवलेली आहे. देशी मालामुळे कामाचा एकूण खर्च पंचवीस टक्क्यांहून अधिक वाढत असेल, किंवा माल मिळतच नसेल, तर सूट मागता येते.

तेव्हा सक्ती असावी, पण जो माल देशात मुबलक होतो त्यापुरतीच : सिमेंट, सळई, दगड, विटा, पत्रे. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या केबलसाठी खास पोलादी तारा चीनमधून आणाव्या लागल्या, तर आणाव्यात. पूल पडण्यापेक्षा ते बरे. किंमत किती वाढली तर सूट, हे आधी लिहून ठेवावे. मुदतही घालावी, नाहीतर कारखानदार सरकारच्या मांडीवर बसून राहतो आणि माल सुधारत नाही. आणि कसोटीत तिळमात्र सवलत नको. काँक्रीटचा ठोकळा अठ्ठावीस दिवसांनी यंत्राखाली दाबला की तो फुटतो किंवा टिकतो; तो देशी आहे की परदेशी हे यंत्राला कळत नाही.

खरी मेख दाखल्यात आहे. मालात देशी वाटा किती, हे पुरवठादारच लिहून देतो. दहा कोटींवरच्या खरेदीत लेखापरीक्षकाचा दाखला लागतो. बाहेरून सुटे भाग आणायचे, इथे बोल्ट आवळायचे आणि ‘देशी’ म्हणून शिक्का मारायचा, ही युक्ती कोणालाही सुचेल. तसेच ‘देशी’ म्हणजे ‘गावचे’ नव्हे. संगमरवर देशीच आहे, पण तो आला आणि मावळातल्या पाथरवटाची छिन्नी थांबली, याची नोंद कोणत्याच दाखल्यात होत नाही.

खोपोलीपासून कुसगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा नवा रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतला, त्यात जवळजवळ नऊ किलोमीटरचा एक बोगदा आहे. एवढ्या कामात किती टन पोलाद लागले, ते कोणत्या कारखान्याचे, बाहेरून काय आणले आणि का, हे कुसगावच्या माणसाला विचारावेसे वाटले तर कोठे वाचायचे? देवळाच्या हिशेबात दगड कोठून आला, गवंडी कोणत्या गावचा आणि पोते कितीला पडले हे लिहिलेले असते, आणि चुकले तर विचारणारे शंभरजण पारावर बसलेले असतात. सरकारी कामाच्या फलकावर ठेकेदाराचे नाव व कामाची रक्कम असते. त्याखाली मालाच्या दोन ओळी वाढवायला रंगाचा एक डबासुद्धा जास्त लागणार नाही.