नाजूक सेन्सर आणि तारेचा सांधा

(वारजे येथे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल की हे कारखान्यातल्या तज्ज्ञांचे काम, त्याच्याशी आपला काय संबंध? पण संबंध आहे आणि तो पोटापाण्याचा आहे. म्हणून थोडा वेळ लक्ष द्यावे, ही विनंती.

कागदासारखे वाकणारे सेन्सर आज पुष्कळ ठिकाणी वापरले जातात. त्यातला जुना व खात्रीचा प्रकार म्हणजे स्ट्रेन गेज. एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोन अमेरिकन संशोधकांनी १९३८ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे तो शोधून काढला. आजच्या गेजमध्ये प्लास्टिकच्या पापुद्र्यावर धातूच्या अतिशय पातळ पत्र्याची नागमोडी जाळी असते. तो लोखंडावर किंवा काँक्रीटवर चिकटवतात. खालचा पदार्थ ताणला गेला की जाळीही ताणली जाते आणि तिचा विद्युत रोध बदलतो.

हा बदल किती असतो ते पाहा. नेहमीच्या गेजचा रोध १२० ओहम असतो. लोखंड मीटरमागे एक मिलिमीटर ताणले गेले तर त्यात साधारण ०.२४ ओहमचा फरक पडतो. आता तारेचा सांधा सैल असेल आणि त्याचाच रोध पाव ओहमने वरखाली होत असेल, तर यंत्र सांध्याचा दोष हा लोखंडाचा ताण म्हणून दाखवील. सेन्सर कितीही भारी किमतीचा असो, सांधा कच्चा असला की आकडा खोटा येतो.

आपण वारजेकर मुठेच्या काठचे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुण्यात हाहाकार उडाला, हे घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आहे. धरणाच्या पोटात काय चालले आहे हे कळणे किती मोलाचे, ते आपल्याला निराळे सांगायला नको. १९१६ साली सुरू झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आपल्या शेजारी खडकवासल्यालाच आहे, आणि धरणांत बसवायच्या मापनयंत्रांचे काम तेथे चालते. काँक्रीटमध्ये पुरलेल्या उपकरणाची तार तुटली तर ती उकरून दुरुस्त करता येत नाही. म्हणून तेथे जोडणी पहिल्याच वेळी पक्की व्हावी लागते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिला शत्रू उष्णता. पुष्कळ सेन्सर पॉलिएस्टरच्या फिल्मवर चांदीच्या शाईने छापलेले असतात. ही फिल्म सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरीच आधी आकसते. सोल्डरिंगच्या टोकाचे तापमान पुष्कळदा ३०० अंशांच्या वर असते. म्हणजे डाख द्यायला गेलो की फिल्म सुरकुतते आणि शाई सुटते. कथील-बिस्मथचा डाख १३८ अंशांनाच वितळतो, पण छापील शाईवर त्याचाही भरवसा धरता येत नाही. स्ट्रेन गेजची पॉलिइमाइडची फिल्म मात्र उष्णता सोसते. तेथे डाख चालतो, फक्त हात चपळ हवा.

उष्णतेवाचून जोडण्याचे तीन मार्ग आहेत. एक, दाते असलेला क्रिम्प कनेक्टर. त्याचे दाते फिल्म भेदून शाईच्या पट्टीला धरतात. दुसरा, खटक्याचा कनेक्टर. फिल्मची शेपटी आत सरकवायची आणि खटका लावायचा. शेपटी लुळी असल्यास तिच्या पाठीला कडक पट्टी चिकटवून घ्यावी. तिसरा, चांदीची भुकटी मिसळलेला इपॉक्सी डिंक. तो वीज वाहून नेतो पण ओढ सोसत नाही. म्हणून तो वाळल्यावर वरून साध्या इपॉक्सीचे आवरण द्यावे.

दुसरा शत्रू ओढ. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी रफूचे किंवा जरीचे काम झालेले आहे. तलम कापडावर जाड ठिगळ लावले तर कापड पुढे कोठे फाटते? ठिगळाच्या कडेलाच. येथेही तसेच घडते. मऊ फिल्म जेथे कडक कनेक्टरला मिळते, नेमकी तेथेच ती वाकून वाकून तुटते. त्यावर उपाय असा, की जाड केबल सेन्सरला थेट जोडू नये. शेजारी जोडपट्टी चिकटवावी, सेन्सरपासून तिच्यापर्यंत केसासारखी बारीक तार थोडी सैल, कमान ठेवून न्यावी, आणि केबल त्या पट्टीला जोडावी. केबललाही स्वतंत्रपणे बांधून टाकावे. कोणी ओढली तरी ओढ बांधणीपाशी थांबेल, सेन्सरपर्यंत जाणार नाही.

शेवटी परीक्षा. फ्लक्सचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, मल्टिमीटर लावावा आणि केबल हलकेच हलवून पाहावी. आकडा डळमळला तर सांधा पुन्हा करावा.

सरावासाठी खर्च लागत नाही. संगणकाचा निकामी कीबोर्ड उघडा. पुष्कळ कीबोर्डांच्या आत छापील पट्ट्यांची पॉलिएस्टरची फिल्म सापडते. तिला तारा जोडून पाहा. पहिले चार-पाच प्रयत्न वाया जातील, जाऊ द्या.

पालकांना एक सांगणे. हाताने काम करणारा मुलगा अभ्यासात मागे पडला, असे आपण समजतो. मुलीचा सुईवरचा हात तर आपण हिशेबातच धरत नाही. पण इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुळणी करणाऱ्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत स्थिर हात, तीक्ष्ण नजर आणि धीर यांनाच किंमत आहे. आयटीआयमधील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो, आणि तो मुलींनाही खुला आहे. बारीक कामाची जी सवय आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिला ओहमचा आणि तापमानाचा हिशेब जोडून द्या. मुले स्वतःच्या पायावर उभी राहतील.