बाद गडी



पन्नाशी उलटल्यावर आम्ही अजिंठ्यात कबड्डी शिकू लागलो. सभेत तासभर बोलणारे आम्ही. पण 30 सेकंदांच्या चढाईत दम टिकेना. "काका, बाहेर बसा," असे एका हमालाच्या पोराने बजावले. बसलो.

ऑस्ट्रेलियातील टच रग्बीत धरपकड नसते; 6 स्पर्श झाले की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. कबड्डीत मात्र गडीच बाद होतो. पण सोबत्यांनी प्रतिपक्षाचा गडी मारला की तो पुन्हा जिवंत होतो. जुनी मंडळी यास 'संजीवनी' म्हणत.

रेषेबाहेर बसल्याबसल्या आम्हांस एक जुना संप आठवला. कामावरून काढलेल्या सोबत्यांना वगळून आम्ही तडजोडीवर सही केली होती. आपला गडी बाहेर असताना डाव जिंकला असे म्हणू नये, एवढेच सांगून रजा घेतो.