माती तपासणाऱ्या भगिनींची संघटना कशी चालवावी?

आज मी खताच्या मात्रेबद्दल बोलणार नाही आणि किडीबद्दलही नाही. आज बोलायचं आहे ते माती तपासणाऱ्या बायकांबद्दल, आणि त्यांनी आपली संघटना कशी चालवावी याबद्दल. तुम्ही म्हणाल, बाई, हा विषय शेतीच्या कार्यक्रमात कशाला? तर सांगते.

तुम्ही शेतातली माती पिशवीत भरून प्रयोगशाळेत देता. ती माती सावलीत वाळवायची, कुटायची, चाळायची, तिचा सामू काढायचा, क्षार मोजायचे, सेंद्रिय कर्ब काढायचा, हे काम आज पुष्कळ ठिकाणी बायका करतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांतून मृदविज्ञान शिकून मुली बाहेर पडत आहेत. गावोगावी कृषी सखी नमुने घ्यायला शिकल्या आहेत. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या पत्रिकेवर १२ गोष्टींचे आकडे असतात. ते आकडे खरे असले तर तुमचं खत वाचतं, खोटे असले तर पैसा मातीत जातो. आकडा काढणारीला धड हातमोजे नसतील, तिला शेतावर जाऊ दिलं जात नसेल, तिचं म्हणणं कोणी ऐकत नसेल, तर नुकसान तिचं एकटीचं होत नाही. तुमचंही होतं.

एकटीचं कोणी ऐकत नाही

माझाच अनुभव सांगते. सेंद्रिय कर्ब काढताना पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड वापरावं लागतं. डायक्रोमेट विषारी आहे. ॲसिड घातलं की भांडं तापतं आणि वाफ वर येते. मी होते त्या प्रयोगशाळेत वाफ बाहेर ओढणारा पंखा बंद पडलेला होता. आम्ही तिघी. त्यातली एक गरोदर होती. मी साहेबांकडे जाऊन तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "बघू." दुसऱ्या महिन्यात पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "ताई, खिडकी उघडी ठेवा."

पुढं आसपासच्या प्रयोगशाळांतल्या आणि महाविद्यालयांतल्या आम्ही काही जणी एकत्र आलो. आम्ही मोर्चा काढला नाही. एक साधी वही घातली. आज किती नमुने तपासले, पंखा चालू होता की बंद, कोणाला खोकला आला, कोणाच्या हाताला चटका बसला, एवढंच रोज लिहायचं. तीन महिन्यांनी त्या वहीची नक्कल जोडून संघटनेच्या नावानं पत्र दिलं आणि पोच घेतली. पंखा दुरुस्त झाला. हातमोजे आणि चष्मे आले. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, पण तारीखवार नोंद टेबलावर राहते. संघटनेचा पहिला उपयोग हाच.

सभासद कोणाला करावं?

यावर आमच्यात पहिलं भांडण झालं. काही जणी म्हणाल्या, ज्यांच्याकडे मृदविज्ञानाची पदवी आहे त्याच सभासद. नाही तर व्यवसायाची संघटना कसली, ते महिला मंडळच होईल. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण प्रयोगशाळेत भांडी धुणारी, माती कुटणारी मदतनीस त्याच वाफेत उभी असते, तिला बाहेर कसं ठेवायचं? शेवटी असं ठरलं, की मातीच्या कामावर ज्यांची रोजीरोटी आहे त्या सगळ्या सभासद. मग ती शिकवणारी असो, तपासणारी असो की नमुने आणणारी कृषी सखी असो. मत प्रत्येकीला एकच. विद्यार्थिनींना अर्धी वर्गणी. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. मत नसलेली सभासद फार दिवस येत नाही.

नोंदणी आणि कागद

संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे निदान सात जण लागतात. आपल्या राज्यात अशी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंदवावी लागते. घटना लिहिताना दुसऱ्याची घटना तशीच उतरवू नका. चार गोष्टी स्वतः बसून ठरवा: उद्देश काय, सभासद कोण, पदाधिकारी किती वर्षं, आणि पैसे कोणाच्या सहीनं काढायचे. तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर आधी आपल्या सेवेचे नियम वाचा आणि कार्यालयाला कळवायचं असेल ते लेखी कळवा.

आता आमची चूक ऐका, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. दुसऱ्याच वर्षी आमच्या चिटणीसबाईंची बदली झाली. घाईत सामान बांधलं, त्यात रोकडवही आणि पावतीपुस्तकं गेली. बँकेत सही त्यांची. नवीन चिटणीस निवडली, पण बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो आम्ही ९० दिवसांच्या आत दिला नाही. बँक नवी सही घेईना. इकडे सभासद विचारू लागल्या, वर्गणीचं काय झालं? एक पैसाही कोणी खाल्ला नव्हता. पण दाखवायला कागद नव्हता. त्या वर्षी निम्म्या जणी सोडून गेल्या. त्यातल्या काही माझ्या जवळच्या मैत्रिणी होत्या. वही परत आली, हिशेब चोख निघाला, पण गेलेल्या सगळ्या काही परत आल्या नाहीत.

म्हणून आता आमचे नियम असे आहेत:

१. बँकेत तिघींच्या सह्या, त्यातल्या कोणत्याही दोघींच्या सहीनं पैसे निघतील. तिघी एकाच गावच्या किंवा एकाच कार्यालयातल्या नकोत.

२. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती. समजा ४० सभासद आणि वर्षाची वर्गणी २०० रुपये, तर ८,००० रुपये होतात. रक्कम लहान आहे म्हणून हिशेब लहान होत नाही.

३. प्रत्येक सभेत आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, मग जमाखर्च, आणि मगच बाकीचं.

४. ३१ मार्चला वर्ष संपलं की हिशेब तपासून घ्यायचे. पदाधिकारी बदलले की बदल अर्ज त्याच महिन्यात.

५. अध्यक्षपद एकीकडे दोन मुदतींपेक्षा जास्त नाही. प्रत्येक पदाला एक मदतनीस जोडायची, म्हणजे बदली झाली तरी काम अडत नाही.

सभा कधी घ्यावी?

सभेला कोणी येत नाही, ही तक्रार सगळीकडची. पण सभा कधी ठेवली ते बघा. एप्रिल-मे महिन्यांत रब्बी निघालेली असते, शेतं मोकळी असतात, आणि प्रयोगशाळेत नमुन्यांचा ढीग पडतो. तेव्हा सभा ठेवून कसं चालेल? संध्याकाळी सहाची सभा म्हणजे ज्यांना शेवटची एसटी गाठायची त्यांना दार बंदच. आम्ही रविवारी सकाळी ११ वाजता, एसटी स्थानकापासून चालत जाता येईल अशा जागी बसतो. लहान मुलांना घेऊन यायला परवानगी आहे. ५ डिसेंबरला जागतिक मृदा दिन असतो, त्या सुमारास वर्षाची मोठी सभा घेतो.

संक्रांतीला पूर्वी हळदीकुंकू करायचो. पण त्यात विधवा बहिणी मागं राहायच्या. आमची एक चांगली तपासनीस त्यामुळं येईनाशी झाली, तेव्हा आमचे डोळे उघडले. आता नुसता तिळगूळ, सगळ्यांना सारखा. वाण म्हणून नमुन्याची कापडी पिशवी देतो, आणि नमुना कसा घ्यायचा ते तिथंच करून दाखवतो.

संघटनेनं काम कोणतं करावं?

फक्त आपल्या मागण्या मांडणारी संघटना दोन वर्षांत दमते. गावाच्या उपयोगाचं एक काम हातात हवं. आमचं काम म्हणजे शेतकरी बाईला नमुना घ्यायला शिकवणं.

एक गोष्ट सांगते. एक भाऊ नमुना घेऊन आले. अहवाल मध्यम निघाला, काळजीचं काही नव्हतं. तरी पिकाचा एक पट्टा दर वर्षी पिवळा पडायचा. आमच्या दोघी शेतावर गेल्या. भाऊंच्या घरच्या बाई म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात खुरपायला बसलं की माती ढेकळासारखी घट्ट लागते. पाणी जिरत नाही. उन्हाळ्यात वर पांढरं येतं." त्या कोपऱ्याचा नमुना वेगळा घेतला. सामू साडेआठच्या वर निघाला. जमीन चोपण होत चालली होती. भाऊंनी चांगली माती आणि ती माती एकाच पिशवीत मिसळली होती. खुरपणाऱ्या बाईला जे ठाऊक होतं ते पिशवीवर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा भगिनींनो, नमुना तुम्ही स्वतः घ्या. जमीन दिसायला वेगळी असेल तिथला नमुना वेगळा. पृष्ठभागावरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा सुमारे २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीनं खरवडा. अशा दहा-बारा जागांची माती स्वच्छ कापडावर मिसळा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करा. बांधाजवळ, झाडाखाली, विहिरीपाशी, शेणखताच्या ढिगाजवळ किंवा जनावरं बसतात तिथली माती घेऊ नका. नुकतंच खत घातलं असेल तर थांबा. खताच्या रिकाम्या पिशवीत माती भरू नका. चिठ्ठीवर नाव, गट नंबर, मागचं पीक, पुढचं पीक लिहा, आणि जमिनीबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे तेही लिहा. सातबारा कोणाच्याही नावावर असो, ती ओळ तुमची.

या कामाचा फायदा संघटनेलाही झाला. पूर्वी आम्हाला सांगायचे, "बायकांनी प्रयोगशाळेतच बसावं, शेतावर पुरुष जातील." फिरतीचा अनुभव नाही म्हणून मग पुढची जागाही मिळायची नाही. आता गावातल्या बायकाच म्हणतात, ताईंनाच पाठवा. आम्ही दोघी-दोघींनी जातो, परतीची गाडी आधी पाहून ठेवतो, आणि कुठं गेलो ते वहीत लिहून जातो.

आणखी एक. कामाच्या जागी कोणी त्रास दिला तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रार समिती असलीच पाहिजे. आपल्या प्रयोगशाळा पुष्कळदा लहान, तीन-चार माणसांच्या. तिथल्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. ती समिती कुठं बसते, अध्यक्ष कोण, हे संघटनेनं आधीच विचारून सगळ्यांना कळवून ठेवावं. वेळ आल्यावर शोधाशोध नको.

बंधूंनो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमची लेक, सून मातीच्या शिक्षणात किंवा नोकरीत असेल, तर महिन्यातला एक रविवार तिला मोकळा द्या. त्या दिवशीची भाकरी दुसऱ्या कोणीतरी थापावी. आणि या वर्षीचा नमुना द्यायला याल तेव्हा घरच्या बाईला बरोबर घेऊन या. चिठ्ठी तिला लिहू द्या.